मापाला उभं राहिलेलं माणूस

ही घटना खरी आहे. खोटी असती तर मी ती जास्त नीट सांगितली असती.

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलो, स्वतः लिहायची सवय नाही. कुठे अडखळलो तर समजून घ्या. पण पदरचं काही घातलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं त्याच्याच तोंडून, दिवसाउजेडी, त्याच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं आहे. तो हेमचंद्र. माझ्या धाकट्या बहिणीचा, जयंतीचा, नवरा.

जागा एडमंटन. साल २०१६, डिसेंबरचा दुसरा आठवडा.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही दुपारी घडली. पण एडमंटनच्या डिसेंबरातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. चार वाजले की खिडकीबाहेर निळं होतं... आणि चहा संपेपर्यंत दिवस संपलेला असतो.

हेमचंद्र मिरजेला डॉक्टर झाला. लग्नानंतर दोघं कॅनडात आली आणि तो एका हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून लागला. म्हणजे एक्स-रे वाचणारा. माणूस पहिल्यापासून अबोल. जयंती म्हणायची, यांना पेशंटपेक्षा पेशंटचा फोटो आवडतो, तो उलट बोलत नाही ना. ती स्वतः दोघांच्या वाटचं बोलायची. माझ्या किचनर गावातल्या घरी दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि मी हातातलं पुस्तक मिटून ठेवायचो, कारण तासभर ते पुन्हा उघडणार नाही हे मला माहीत असायचं.

निवृत्तीनंतर हेमचंद्रला एका लहानशा संग्रहालयात मन रमवायला काम मिळालं. संग्रहालयाचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं काम करतात.

त्यांच्याकडे कुण्या युरोपियन कुटुंबाने दिलेलं एक संगमरवरी धड होतं. बाईचं. डोकं नाही, हात नाहीत, मांड्यांच्या खाली काही नाही. ग्रीक की रोमन यावर जाणकारांत एकमत नव्हतं, पण दोन हजार वर्षांचं नक्की. आणि त्याच्याबरोबर आलेली एक लाकडी पेटी. तिच्यात काचेच्या नेगेटिव्ह, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या. प्रत्येक काचेवर तेच धड.

त्या काचा वाचायला कुणीतरी हवं होतं. नेगेटिव्ह म्हणजे सगळा उलटा कारभार. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. आपल्याला त्यात चेहरासुद्धा ओळखू येत नाही. हेमचंद्रचं सगळं आयुष्य त्यातच गेलेलं. त्याने घरच्या बेसमेंटमधून आपला जुना व्ह्यू बॉक्स काढला. हॉस्पिटलात ज्याच्यावर एक्स-रे अडकवून मागून उजेड पाडायचे, ती चपटी पेटी. ती नेऊन त्याने संग्रहालयाच्या खालच्या मजल्यावर, धडाच्याच खोलीत लावली, आणि आठवड्यातून दोनदा एलआरटीने, म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेने, जाऊ लागला.

तिथे अवंतिका नावाची मुलगी पार्ट-टाइम काम करायची. नाशिकची. कॉलेजात फोटोग्राफी शिकत होती, पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बघत होती. बॉसशी इंग्रजी, हेमचंद्रशी मराठी, आणि घाई झाली की दोन्हींची खिचडी.

तिने त्याला समजावलं की त्या काळी मूर्तीच्या मागचं काही फोटोत नको असायचं. भिंती, पडदे, खिडक्या. मग काचेवर मूर्तीच्या कडेकडेने ब्रशने काळपट रंग भरायचे. रंगातून उजेड जायचा नाही, आणि छापल्यावर मूर्ती कोऱ्या कागदावर एकटी उभी दिसायची.

हेमचंद्रने काचा पाहिल्या. रंग सगळीकडे सारखा नव्हता. धडाच्या डाव्या बाजूला तो जाड होता. दोन-दोन हात दिलेले.

आणि त्या जाड रंगाला एक आकार होता...

उभट. वर लहान, खांद्यांपाशी रुंद.

अवंतिका म्हणाली, असणारच. मूर्ती केवढी आहे हे कळावं म्हणून शेजारी एखादं माणूस उभं करायचे. मापाला. नंतर नको वाटलं की रंगाखाली घालवायचे.

हेमचंद्रला यात वावगं काही वाटलं नाही. तोही फुप्फुस मोजायला बाजूच्या बरगड्याच मोजायचा.

डिसेंबरात संग्रहालयाने या काचांचं प्रदर्शन ठरवलं. जोडीला एक नवा फोटो हवा होता, अगदी जुन्या रीतीने काढलेला. मोठा लाकडी कॅमेरा, काचेची प्लेट, खिडकीचा नैसर्गिक उजेड. तेवढ्या उजेडात प्लेटवर काही उमटायला पाव तास लागणार होता. आणि मापाला माणूस हवं होतं.

त्या दिवशी जयंती हेमचंद्रबरोबर गेली होती. अवंतिकाला साबुदाण्याची खिचडी खाऊ घालायला. धडाकडे बघून ती म्हणाली, "अहो, ही तर खंडित मूर्ती. आपल्याकडे हिला केव्हाच पाण्यात सोडली असती. इथे बघा, थर्मोस्टॅट लावून ठेवलीय."

अवंतिकाने तिला विचारलं, पंधरा मिनिटं उभं राहाल का म्हणून. "काकू, फक्त हलायचं नाही. अजिबात. यू कॅन ब्लिंक, ते प्लेटवर येत नाही."

"बोलायचंही नाही?"

"नाही."

"मग दुसरं कोणी बघ," हेमचंद्र म्हणाला. त्याने केलेले विनोद मी बोटांवर मोजू शकतो. हा त्यातला एक.

जयंती हट्टाला पेटली. मराठी मंडळात ती योगासनं शिकवायची, उभं राहण्याचा तिला अभिमान होता. ती धडाच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लावून म्हणावं, तर त्या बाजूला दगडाचा खांदाच तेवढा शिल्लक होता.

अवंतिकाने लेन्सवरचं झाकण काढलं.

आणि हेमचंद्रने श्वास रोखला. ती त्याची जुनी सवय. नव्या नोकरीच्या दिवसांत तो स्वतः पेशंटला सांगायचा, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका... आणि नकळत आपलाही धरायचा. आपल्याला धरवेल तेवढाच पेशंटला धरायला लावायचा, असा त्याचा हिशेब.

खोलीत शांतता झाली. हीटिंगचा घरघराट थांबला. अवंतिकाला सर्दी झाली होती, तिचं नाक वाजत होतं.

आणि आणखी एक श्वास ऐकू येत होता...

लांब. संथ. खोल.

जयंतीचा असणार. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाट्या खिडकीच्या उजेडात चमकत होत्या. त्या हलत नव्हत्या.

श्वास मात्र चालूच होता.

वय झालं, कान फसवतात, असं तो मनाशी म्हणाला. हेमचंद्रला आपल्या डोळ्यांवर भरवसा होता. बाकी कशावर फारसा नव्हता.

झाकण लागलं. जयंतीने हातपाय झाडले. म्हणाली, मजा आली. पुढे सहज बोलल्यासारखं म्हणाली, "शेवटी शेवटी ना, श्वास घ्यावासाच वाटला नाही. गरजच वाटली नाही."

दोन दिवसांनी अवंतिकाने प्लेट दाखवली. तोंड एवढंसं झालेलं. फोटो बिघडला होता. "काका, काकू बघा किती शार्प आल्यात. आणि स्टॅच्यू ब्लर. हाऊ इज दॅट पॉसिबल? दगड कसा हलेल? टेबल हललं असेल."

हेमचंद्रने प्लेट व्ह्यू बॉक्सवर लावली.

टेबल हललं नव्हतं. त्याची कड सुरीसारखी होती. धडाची मान जिथे तुटली होती तिथला खडबडीतपणा दाणा न् दाणा उमटला होता. मांड्याही स्वच्छ.

पुसट होती ती फक्त छाती. बरगड्यांपासून पोटापर्यंत.

असं पुसटपण त्याने हजारो वेळा पाहिलं होतं. पेशंटने ऐकलं नाही की एक्स-रे असा येतो. त्याच्या खाली तो ठरलेलं एक वाक्य लिहायचा... पेशंटने श्वास घेतल्यामुळे चित्र हललं आहे.

तो स्वतःशीच हसला. असलं काही कुणाला बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता. आपलंच काही चुकत असेल, असं म्हणून त्याने प्लेट बाजूला ठेवली.

त्या रविवारी जयंतीचा फोन आला. लवकर संपला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाचत असलेलं पुस्तक रंगात आलं होतं.

पुढच्या रविवारी ती अर्ध्या वाक्यात थांबायला लागली. थांबली की पलीकडे काहीच नसायचं. फोनवर माणसाचा श्वास सतत ऐकू येत असतो, हे मला तो ऐकू येईनासा झाल्यावर कळलं. लाइन कट झाली असं वाटून मी हॅलो हॅलो करायचो. ती म्हणायची, "आहे रे दादा. आहे."

नाताळाच्या सुमारास तिकडे मोठा बर्फ पडला. सकाळी दोघं ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर आली. उणे पंचवीस. अशा थंडीत माणूस बोलला काय, नुसता उभा राहिला काय, तोंडापुढे वाफेचा पांढरा ढग असतो. मफलरवर त्याचं दव गोठतं, पापण्या पांढऱ्या होतात. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापलीकडून काही विचारत होते. त्यांच्या तोंडापुढे ढग. हेमचंद्रच्या तोंडापुढे ढग.

जयंती त्यांना उत्तर देत होती...

तिच्या तोंडापुढे काहीच नव्हतं.

हेमचंद्र फावडं टेकून बघत राहिला. नीट पाहिलं तेव्हा दिसलं. होतं, पण अगदी पातळ. केस जळल्यावर येतो तेवढा धूर. तिचा मफलर कोरडा होता.

तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन उत्तम. रक्त उत्तम. छातीचा एक्स-रे काढला. काढणारी मुलगी कौतुकाने म्हणाली, इतकी स्थिर पेशंट मी पाहिली नाही, काय सुंदर फिल्म आली आहे.

हेमचंद्रने ती स्क्रीनवर पाहिली. खरंच सुंदर होती. छातीत हृदयाची कड थोडी तरी थरथरलेली दिसते, कितीही श्वास धरला तरी. इथे ती कोरल्यासारखी होती.

मग घरात एकेक गोष्ट नाहीशी होऊ लागली. आधी तिचं गुणगुणणं. मग जिना चढल्यावरचं हुश्श. मग बोलणं. बोलायला श्वास लागतो, हे आपल्या कधी लक्षात येत नाही. ती दुखतंय म्हणायची नाही. दमलेही म्हणायची नाही. नुसती गार पडत चालली होती. हात धरला की वाटायचं, पायरीला हात लावला.

एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला. गॅसवर दूध उतू जाऊन सगळीकडे पसरलं होतं. जयंती हातात डाव धरून समोर उभी होती. डोळे उघडे. दुधाकडेच बघत होती.

त्याने हाक मारली.

ती वळली नाही...

दुसऱ्यांदा मारली. तेव्हा तिने अगदी हळू मान वळवली आणि म्हणाली, "मी मापाला उभी होते ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच हेमचंद्र संग्रहालयात गेला. बॅगेत एक छोटा प्रखर दिवा घेऊन. एक्स-रे एखाद्या जागी फारच काळा आला की पूर्वी असा दिवा मागून लावून त्यातलं वाचायचे. त्याने पेटीतल्या काचा काढल्या, कोपऱ्यात खरवडलेल्या क्रमांकांप्रमाणे व्ह्यू बॉक्सवर ओळीने लावल्या, आणि जाड रंगाच्या मागे दिवा धरला.

रंगाच्या आत माणूस उजळलं.

पहिल्या काचेवर एक बाई होती. मोलकरणीसारखे साधे गडद कपडे, गळ्यापासून कमरेपर्यंत बटणांची ओळ. मानेमागे लोखंडी टेकू. पाव तास हलू नये म्हणून त्या काळी असे टेकू लावायचे. गळ्याजवळची बटणं ठिपक्यासारखी होती, छातीवरची मात्र लांबट. श्वासाबरोबर वरखाली झालेली. जिवंत माणसाची अशीच यायला हवीत. शेजारचं धड बहुतेक स्वच्छ.

दुसऱ्या काचेवर बटणं थोडी आखूड झाली होती. धडाची छाती थोडी पुसट.

तिसरीवर आणखी.

हेमचंद्र आयुष्यभर हेच करत आला होता. एकाच पेशंटचे जुने-नवे एक्स-रे ओळीने लावायचे आणि आजार किती पुढे सरकला ते बघायचं. इथे आजार एकीकडून दुसरीकडे सरकत होता. बाईची बटणं ठिपके होत चालली होती, आणि ज्याला नाक नाही, तोंड नाही, त्या दगडाची छाती काचेगणिक पुसट होत चालली होती.

मग एका काचेवर मापाला एक पुरुष उभा होता.

बाई मागे होती. खुर्चीवर बसलेली. तिच्या छातीवरची बटणं पुन्हा लांबट... ती श्वास घेत होती. आणि ती त्या पुरुषाकडे बघत होती.

ती त्याची कोण होती, हे काच सांगत नाही.

त्यापुढच्या सगळ्या काचांवर तो पुरुष होता. बाई कुठेच नव्हती. त्याच्या कोटाच्या बटणांचं तेच झालं. शेवटच्या काचेवर सगळी बटणं स्वच्छ ठिपके होती. मान टेकूत अडकवलेली होती, आणि बुटांची टोकं जमिनीला जेमतेम लागत होती. त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याला उभं केलं होतं.

आणि कुणीतरी बसून, सावकाश, ब्रशने, सगळ्यांवर रंग फिरवला होता.

हेमचंद्रने दिवा बंद केला. खोलीत तो एकटाच होता. मागे टेबलावर ते धड. हीटिंग बंद होतं.

त्याने ऐकलं. लांब, संथ. आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीकशी शीळ... जयंती गाढ झोपली की यायची, तशी.

जवळजवळ पन्नास वर्षं त्या आवाजाच्या शेजारी झोपलेला माणूस तो. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दगड फोडावा, हा विचार त्याच्या मनात आला. हातोडी कुठे मिळेल इथपर्यंत आला. पण फोडला आणि आत जे आहे ते कुठे गेलं तर? एवढं एकच त्याच्याजवळ होतं... की त्या पुरुषाने जागा घेतल्यावर ती बाई पुन्हा श्वास घेऊ लागली.

अवंतिका आली तेव्हा त्याने तिला, मला पुन्हा एक फोटो काढून दे, म्हणून सांगितलं. उभ्या आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे त्याला नीट मागताही आलं नाही. पहिला बिघडलाय, प्रदर्शनाला चांगला हवा, मापाला मी उभा राहतो, असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "काका, बॉस म्हणाला इट्स फाइन, तोच लावू. आणि पाव तास न हलता उभं राहायला जमेल तुम्हाला?"

"मी हलणार नाही," तो म्हणाला. "तू काढ."

त्याचा चेहरा बघून तिने कॅमेरा लावायला घेतला.

तो धडाच्या डावीकडे उभा राहिला. झाकण निघालं. खुर्चीवर ठेवलेल्या पार्काच्या, त्या जाड कोटाच्या, खिशात त्याचा फोन वाजू लागला. घरूनच असणार, दुसरं कोण करतं. वाजत राहिला. तो हलला नाही.

फोन थांबला.

कानाशी तो श्वास होता. लांब, संथ, शेवटी शीळ. लांब, संथ, शीळ...

मग शीळ आली नाही.

सगळं थांबलं. दगडही. तोही. अवंतिकाचं नाकही वाजत नव्हतं. त्याला वाटलं, चुकलं. आपलं नेहमीसारखं चुकलं, उशीर झाला.

आणि मग दगडाने पुन्हा श्वास घेतला. आखूड. मध्येच एक ठेच लागणारा.

तो त्याचा स्वतःचा होता.

भीती वाटली का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी हलकेच उचलून घेतल्यासारखं वाटलं. मी अवंतिकाला, झालं का गं, असं विचारणार होतो, पण त्यालासुद्धा श्वास लागतो ना, म्हणून गप्प राहिलो.

तो घराच्या कोपऱ्यावर वळला तेव्हा चार वाजत आले होते. जयंती ड्राइव्हवेवर उभी होती. हातात फावडं. फोन का उचलत नाही म्हणून तिथूनच ओरडत होती, टोपी कुठाय, वय काय तुमचं, इतका वेळ दगडांत काय असतं. आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिच्या तोंडापुढे एवढा मोठा पांढरा ढग उठत होता, मावळतीच्या उजेडात गुलाबी झालेला.

हेमचंद्र म्हणाला, दादा, मी रस्त्यात उभा राहून नुसता बघत होतो.

हे सगळं त्याने मला गेल्या महिन्यात सांगितलं. जानेवारी २०१८. मी त्यांच्याकडे गेलो होतो. आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं फिरायला बाहेर पडलो. कडाक्याची थंडी. जयंती मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. ती बोलत होती, आम्ही ऐकत होतो. चालता चालता माझी नजर समोर हवेत गेली.

तिघं चालत होतो...

ढग दोनच होते.

हेमचंद्रने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला दिसलं. दुसऱ्या दिवशी जयंती योगाच्या वर्गाला गेल्यावर त्याने मला समोर बसवलं. वाक्यावाक्याला थांबत होता. थांबला की खोलीत फ्रिजचा आवाज तेवढा यायचा.

डॉक्टरांनी त्याला तपासलं आहे. सगळं उत्तम आहे. जयंतीचं बोलणं गेलं तेव्हा आम्हा सगळ्यांना जाणवलं होतं. हा तर मुळातच अबोल. त्याचं काय गेलं, हे कुणाच्या लक्षात येणार?

त्याने माझ्याकडून एवढंच वचन घेतलं, की जयंतीला सांगायचं नाही. सांगितलं तर ती त्याच क्षणी जाऊन तिथे उभी राहील. तो म्हणाला, तुमचीच बहीण आहे, तुम्हाला काय सांगायचं. मी वचन दिलं.

मागच्या रविवारी तिचा फोन आला. आनंदात होती. येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. तिच्या मनात दोघांचा एक फोटो काढून घ्यायचं आहे. जुन्या पद्धतीचा, काचेवरचा. अवंतिकाशी बोलणंही झालं. ती म्हणाली, काकू, तुम्हा दोघांना त्या मूर्तीच्या दोन बाजूंना उभं करते, क्यूट दिसेल.

"पण हे नकोच म्हणतात, दादा. कारण विचारलं की गप्प. हल्ली तर फारच गप्प असतात. शेजारी झोपलेत की नाही तेसुद्धा कळत नाही मेलं. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. आणि म्हणावं, तुम्ही आला नाहीत तर मी एकटी उभी राहीन."

बोलून ती थांबली. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. भरपूर, घाईघाईचा, लहानपणी माझ्या मागे पळत यायची तेव्हासारखा.

मी म्हणालो, बघतो.

आठवडा झाला. खरं कारण सांगितलं तर ती आजच जाईल. दुसरं कुठलं कारण तिला पटेल, ते मला सुचत नाही. एवढी पुस्तकं वाचली, एक साधं कारण सुचत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. जयंती हे पान वाचत नाही, म्हणून इथे लिहायचं धाडस केलं.

आज पुन्हा रविवार आहे.